साचा कुणाचा, कातडी कुणाची?

इन्स्टाग्राम उघडा, दहा मिनिटांत हे दिसेलच. नेलपॉलिश लावलेला एक हात कपातून काहीतरी पारदर्शक, पाकासारखं घट्टसर असं एका रबरी साच्यात ओततोय. वरून सोनेरी वर्ख, दोन वाळलेल्या पाकळ्या. कट. साचा उलटा होतो, मागून अंगठ्याने दाबला जातो आणि चकचकीत कोस्टर बाहेर पडतो. खाली ओळ येते: घरबसल्या कमवा, भांडवल कमी, शिकायला सोपं, लहान मुलांसाठीही सेफ. लिंक बायोमध्ये.

माझं भांडण त्या मधल्या कटशी आहे. ओतणं आणि काढणं यांच्यामध्ये प्रत्यक्षात साधारण २४ तास जातात, जाड वस्तू असेल तर ७२ सुद्धा. तेवढा वेळ त्या खोलीत एक रासायनिक अभिक्रिया चालू असते आणि तिच्याजवळ एक बाई वावरत असते. रीलमध्ये आणखी एक कट आहे. तो दिसत नाही, कारण तो पहिल्या फ्रेमच्या आधीच झालाय. तो साचा आला कुठून? कुणी घडवला? त्याबद्दल चकार शब्द नसतो.

म्हणजे या कामातलं जे धोक्याचं ते कापलं, आणि जे खऱ्या कौशल्याचं तेही कापलं. उरलं फक्त ओतणं. या ओतण्याला 'रेझिन आर्ट' म्हणायचं, 'हँडमेड'चं लेबल लावायचं आणि 'सोपं आहे गं' म्हणत ते अर्ध्या महाराष्ट्रातल्या बायकांना विकायचं, असा हा धंदा आहे.

गैरसमज नको म्हणून सांगते, मी रेझिनविरोधी नाही. मी कॉम्प्युटरची इंजिनिअर. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहिते आणि शनिवार-रविवार बाल्कनीत सिलिकॉनचे साचे करते, रेझिन ओतते. मला हे काम मनापासून आवडतं. म्हणूनच त्याच्याबद्दल जे खोटं सांगितलं जातं त्याचा जास्त राग येतो.

आधी हे रेझिन म्हणजे काय ते बघू. मराठीत रेझिन म्हणजे राळ. राळ म्हटली की आपल्याला धूप, झाडाचा डिंक, देवघर असं काहीतरी आठवतं. या बाटलीतल्या पदार्थाचा झाडाशी संबंध नावापुरता. हे इपॉक्सी, म्हणजे तुमच्या घरातल्या ॲराल्डाइटचं सख्खं भावंड. १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्ताँ नावाचा रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधत होता, त्यातून ही शाखा पुढे आली. १९४६ मध्ये सिबा कंपनीने ॲराल्डाइट बाजारात आणलं. दोन ट्यूब, सारख्या मापाने पिळायच्या, काडीने घोटायच्या, मोडलेल्या कपाचा कान चिकटवायचा. आजोबांच्या पिढीला हे पक्कं माहीत होतं की ते हाताला लागू द्यायचं नसतं. तेच रसायन पातळ, पारदर्शक करून सुंदर बाटलीत भरलं आणि नातवंडं ते उघड्या हाताने खेळवायला लागली.

बाटली 'ए' मध्ये इपॉक्सी रेझिन. बाटली 'बी' मध्ये हार्डनर, म्हणजे बहुतेक वेळा अमाइन जातीची रसायनं. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली की रेणू एकमेकांना बांधले जातात, सगळीकडून, जाळ्यासारखे. एकदा हे जाळं तयार झालं की ते परत वितळत नाही. चॉकलेट किंवा मेण साच्यात ओतणं वेगळं: ते थंड होऊन घट्ट होतं, गरम केलं की पुन्हा पातळ. इपॉक्सी थंड होऊन घट्ट होत नाही, ते अभिक्रियेने घट्ट होतं आणि त्यात उष्णता बाहेर पडते. मिसळलेलं दोनशे-तीनशे ग्रॅम रेझिन प्लास्टिकच्या कपात तसंच विसरून जा, कप हातात धरवणार नाही इतका तापेल, कधी धूर निघेल, कप वितळेल. तेच ताटलीत पसरून ठेवलं तर उष्णता निघून जाते. पुण्याच्या एप्रिलमध्ये ही अभिक्रिया थंडीतल्यापेक्षा कितीतरी वेगाने पळते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हार्डनरमधली अमाइनं हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी भिडून पृष्ठभागावर पांढुरका, मेणचट थर आणतात. ही सगळी प्रयोगशाळेची भाषा आहे आणि या कामाला तीच भाषा लागते.

आता प्रमाण. बाटलीवर लिहिलेलं असतं २:१. हे आकारमानाने की वजनाने, हे बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच. रेझिनची घनता साधारण १.१५, हार्डनरची ०.९७ धरा. मग आकारमानाचं २:१ म्हणजे वजनाने सुमारे १००:४२. पण वर्कशॉपमधून आलेली ताई सोनाराच्या छोट्या काट्यावर १००:५० मोजते. म्हणजे हार्डनर जवळपास एक-पंचमांश जास्त. जास्त हार्डनर घातलं की लवकर सुकतं, असा समज सर्रास आहे. प्रत्यक्षात ज्यांना बांधायला जोडीदार उरला नाही असे रेणू तसेच मोकळे राहतात. वस्तू वरून कडक दिसते, नखाने दाबली की खूण उमटते, आणि ते मोकळे रेणू हळूहळू बाहेर येत राहतात. हीच वस्तू पुढे 'बेबी-सेफ' टीथर क्लिप म्हणून विकलेली मी पाहिली आहे.

पण माझ्या रागाचं मूळ कोस्टरमध्ये नाही, कातडीत आहे.

माझी एक मावसबहीण नाशिकला असते. तिने दोन वर्षं हे काम ऑर्डरवर केलं. राख्या, नावाच्या पाट्या, लग्नातल्या वरमाला जपून ठेवायच्या फ्रेम, दिवाळीत पणत्यांचे स्टँड. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, दुपारी, मुलगा शाळेत असताना. कोर्समध्ये तिला हातमोज्यांबद्दल 'हवे असतील तर घाला, हात चिकट होत नाहीत' एवढंच सांगितलं होतं. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज आली. भांड्यांच्या साबणाने असेल असं सगळ्यांना वाटलं. मग पापण्या सुजल्या, सकाळी डोळे उघडेनात. त्वचारोगतज्ज्ञाने पाठीवर चिकटपट्ट्या लावून पॅच टेस्ट केली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तेव्हा इपॉक्सी रेझिनच्या जागी लालभडक चौकोन उमटलेला. डॉक्टरांनी सांगितलं की ही ॲलर्जी आता जन्माची सोबतीण. आता तिला हे काम करता येत नाहीच, पण घरात कुणी ॲराल्डाइटने बूट चिकटवत असेल तरी ती दुसऱ्या खोलीत जाते.

ही दुर्मीळ गोष्ट असती तर मी लिहायला बसलेच नसते. त्वचारोगतज्ज्ञांच्या पॅच टेस्टच्या ठरलेल्या संचात इपॉक्सी रेझिन जगभर असतं, आपल्याकडेही असतं. ज्यांची ॲलर्जी वारंवार आढळते अशाच पदार्थांना त्या संचात जागा मिळते. पवनचक्क्यांची लांबलचक पाती काचतंतू आणि बहुतेकदा इपॉक्सी वापरून बनतात. ती बनवणाऱ्या कामगारांमध्ये आणि इपॉक्सीच्या फरश्या घालणाऱ्यांमध्ये हाच त्वचारोग डॉक्टरांनी नोंदवलाय. होतं असं: इपॉक्सीचे छोटे रेणू कातडीत शिरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटतात, आणि आपली प्रतिकारयंत्रणा त्यांना शत्रू म्हणून लक्षात ठेवते. लक्षात ठेवण्याच्या या टप्प्यात काहीच लक्षण दिसत नाही. कुणाचं शरीर पंधरा दिवसांत लक्षात ठेवतं, कुणाचं तीन वर्षांत, कुणाचं कधीच नाही. पण एकदा ठेवलं की विसरत नाही. मग कपाच्या कडेला वाळलेला एक थेंबही पुरतो.

म्हणून 'मी पाच वर्षं करतेय, मला काही झालं नाही' हा युक्तिवाद ऐकला की मला ऑफिसातले काही लोक आठवतात. प्रॉडक्शनमध्ये आजवर क्रॅश झालं नाही, म्हणजे बग नाही, असं म्हणणारे. त्यांच्या शुक्रवारच्या संध्याकाळी कशा जातात ते मला माहीत आहे.

दुसरा लाडका युक्तिवाद वासाचा. 'आमच्या रेझिनला वासच येत नाही, त्यामुळे मास्कची गरज नाही.' वासावरून विषारीपणा ठरत असता तर हिंगाच्या डबीवर कवटी छापावी लागली असती. इपॉक्सीतला ॲलर्जी आणणारा मुख्य घटक जवळपास बिनवासाचा आहे आणि तो प्रामुख्याने स्पर्शातून शिरतो. म्हणजे नाकाला काही कळत नाही आणि हात मात्र त्यात माखलेला. यूव्ही रेझिन, ते निळ्या दिव्याखाली दोन मिनिटांत घट्ट होणारं, त्याची जात वेगळी, ॲक्रिलेटची. पण ॲलर्जीच्या बाबतीत तेही कमी नाही. ॲक्रिलेटची ॲलर्जी झालेल्या माणसाला पुढे दातांच्या फिलिंगमध्ये, मधुमेहाच्या सेन्सरच्या चिकटपट्टीत अडचण येऊ शकते. आणि हे किट 'वय वर्षं आठपासून पुढे' म्हणून वाढदिवसाला दिलं जातं.

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका कॅफेत मी मुद्दाम एका वर्कशॉपला गेले. एसी लावलेला, खिडक्या बंद, सोळा जणी. हातमोजे दिले होते, ते पावभाजीच्या गाडीवर असतात तसले पॉलिथिनचे, सैल, मनगटापाशी उघडे. मध्ये ब्रेक झाला तेव्हा त्याच टेबलावर सँडविच आली. एकीच्या कोपराला रेझिन लागलं तर ट्रेनरने नेलपेंट रिमूव्हरचा बोळा दिला. (अजिबात करू नये असं काही असेल तर हे. ॲसिटोन कातडीवरचं तेल काढून टाकतं आणि रेझिनला आत जायला वाट मोकळी करून देतं. साबण आणि पाणी, बास.) मी सेफ्टी डेटा शीट मागितली. उत्तर आलं, "मॅडम, हे आर्टिस्ट ग्रेड आहे."

आर्टिस्ट ग्रेड! रसायनशास्त्रात असा ग्रेड नाही. हा मार्केटिंगचा शब्द आहे आणि त्याचे भाऊबंदही तसेच. काही बाटल्यांवर 'एएसटीएम डी-४२३६' असं छापलेलं असतं आणि लोकांना वाटतं की हे अमेरिकेचं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र. हे लेबलिंगचं मानक आहे. अमेरिकेत १९८८च्या एका कायद्याने कलासाहित्याला ते बंधनकारक झालं. त्याचा अर्थ इतकाच की विषशास्त्रज्ञाकडून त्या मालाचं परीक्षण करून घेतलंय आणि काही धोका असल्यास त्याचा इशारा लेबलवर दिलाय. धोकादायक मालावरही हा क्रमांक असू शकतो, त्याच्याखाली इशारा असला म्हणजे झालं. आपल्याकडच्या बाटलीवर क्रमांक राहतो, इशारा गळतो.

'फूड सेफ'ची गोष्ट तशीच. खाण्याच्या संपर्कातल्या लेपांसाठी अमेरिकेत नियम आहेत, पण ते ठरलेल्या घटकांच्या, ठरल्याप्रमाणे पूर्ण क्युअर झालेल्या लेपासाठी. तुम्ही ओट्यावर अंदाजे मोजून, त्यात मायका पावडर आणि चकमक घालून जे ओतलं त्याची तपासणी कुणी केलेली नाही. शिवाय उष्णतेचा प्रश्न राहतोच. घरगुती वापराची बरीचशी इपॉक्सी रेझिनं ५० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. आपला चहा त्याहून गरम असतो. कप उचलला की त्याच्याबरोबर कोस्टरही वर येतो, तो यामुळेच. आणि याच पदार्थाचे टी-लाइट स्टँड दिवाळीत ताटात मांडून विकले जातात, आत खरी ज्योत लावायला.

'इको-फ्रेंडली' शब्दावर तर मी वेळच घालवणार नव्हते, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही रेझिनांत वनस्पतिजन्य कच्चा माल थोडा असतो हे खरं. तयार होतं ते मात्र तेच जाळं, न वितळणारं, न कुजणारं. वरमाला रेझिनमध्ये गोठवायची फॅशन बघा. फुलं नीट वाळवली नाहीत तर आतल्या आत तपकिरी पडतात; वाळवली तरी काही वर्षांत उन्हाने रेझिनच पिवळं पडतं. आपल्याकडे निर्माल्य हा किती साधा आणि शहाणा विचार होता. फूल कामाला आलं, आता मातीला जाऊ दे. आपण त्याचा प्लास्टिकचा ठोकळा केला, आणि तो पिवळा पडल्यावर कुठे ठेवायचा हा प्रश्न पुढच्या पिढीला आहेर म्हणून दिला.

असो. आता त्या दुसऱ्या कटकडे येते, साच्याच्या.

बाजारात आयते सिलिकॉन साचे मिळतात. क्रॉफर्ड मार्केटला जा, बोहरी आळीत जा, नाहीतर ऑनलाइन मागवा; अकीक दगडाच्या चकतीसारखा कोस्टर, इंग्रजी अक्षरांची कीचेन, लोलक, कंगवा, गणपती. कारखान्यात हजारोंनी काढलेले. हजार जणी तेच साचे घेतात, तोच सोनेरी वर्ख, तेच निळं-पांढरं 'समुद्राचं' डिझाइन. मराठीत 'साचेबद्ध' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, इथे तो शब्दशः लागू पडतो. जिथे कच्चा माल सारखा, साचा सारखा आणि कृती दोन तासांत शिकता येण्यासारखी, तिथे किमतीशिवाय स्पर्धा कशावर होणार? पहिली ३०० रुपयांना विकते, दुसरी २५०ला, तिसरी फक्त रेझिनचे पैसे निघाले तरी खूश. स्वतःच्या वेळेचे पैसे कुणीच लावत नाही. दोन वर्षांत यातल्या बऱ्याच जणी वस्तू विकायचं सोडतात आणि कोर्स विकायला लागतात. कारण कमाई तिथेच आहे: किट, साचे आणि 'तुम्हीही कमवू शकता' हे वाक्य.

साचा वापरण्यात कमीपणा नाही, हे मुद्दाम सांगते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही साचेच वापरतात. पण तिथे मूळ मूर्ती कुणीतरी हाताने घडवलेली असते, आणि ते घडवणाऱ्याला मान असतो. साच्यातून निघालेल्या मूर्तीचं काम तिथे संपत नाही, सुरू होतं: जोड घासणं, रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी, जी साचा देऊच शकत नाही. उकडीच्या मोदकाचंही तेच. साच्यातला मोदक खायला हरकत नाही, पण 'हातवळणीचा' म्हणून विकलात तर आजी बोलणारच.

स्वतः साचा करणं म्हणजे काय ते एकदा बघा, म्हणजे मी का चिडते ते कळेल. माझ्या आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, त्याच्या दोन बटणांपैकी एक हरवलेलं. तपकिरी, कडेला बारीक खाचा, बहुधा बेकेलाइटचं. (बेकेलाइट म्हणजे १९०७ मध्ये लिओ बेकेलँडने बनवलेलं पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक, आणि तेही इपॉक्सीसारखंच न वितळणारं. घराण्यातच होतं म्हणायचं.) तसलं बटण दुकानात मिळत नाही. शिल्लक बटणावरून दुसरं करायचं तर आधी विचार करावा लागतो: सपाट बाजू खाली चिकटवायची की वर ठेवायची? खाचांमध्ये हवा अडकेल का? वस्तू बाहेर काढताना कुठे अडेल? दांड्याचं भोक साच्यातच घ्यायचं की नंतर ड्रिलने पाडायचं?

मग सिलिकॉनची निवड. टिन-क्युअर स्वस्त असतं, कशावरही घट्ट होतं, पण थोडं आकसतं आणि काही वर्षांत त्याचा साचा ठिसूळ होऊन फाटतो. प्लॅटिनम-क्युअर जवळपास आकसत नाही, टिकतं, पण नखरेल. गंधक असलेली मॉडेलिंग क्ले, लेटेक्सचे हातमोजे, काही रबरं यांच्या नुसत्या स्पर्शाने ते चिकटच राहतं, घट्ट होतच नाही. म्हणून आधी कोपऱ्यात एक थेंब लावून बघायचा. दोन भागांचा साचा असेल तर पहिल्या भागावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा, नाहीतर सिलिकॉन सिलिकॉनला असं चिकटतं की सुरी लागते. आणि ओतायचं ते उंचावरून, दोऱ्यासारख्या बारीक धारेने, डब्याच्या एका कोपऱ्यात. त्या धारेत बुडबुडे ताणले जाऊन फुटतात आणि सिलिकॉन स्वतःहून वस्तूवर चढत जातं.

दुसऱ्या दिवशी बटण काढलं की साच्याच्या तळाशी त्याची प्रत्येक खाच दिसते. सिलिकॉन इतकं बारीक टिपतं की बटणावर बोटाचा ठसा असेल तर तोही उतरतो. त्यात तपकिरी रंग मिसळलेलं रेझिन ओतलं, दोन दिवस थांबले, भोक पाडलं, बसवलं. आता कुठलं बटण जुनं आणि कुठलं माझं, हे आईला सांगता येत नाही.

यातलं ओतणं पाच मिनिटांचं होतं. बाकी सगळं काम त्याच्या आधीचं. या आधीच्या कामाचा एकही कोर्स मला मराठीत सापडला नाही, आणि ओतण्याचे कोर्स मात्र मोजता येत नाहीत. साचा करायला शिकलेली बाई आयते साचे विकत घेणार नाही. ती कुणाच्या तरी आजीच्या अडकित्त्याची प्रतिकृती करेल, तुटलेल्या पेटीची कडी करेल, स्वतःच्या हाताने कोरलेला ठसा साच्यात उतरवेल. तिच्याकडे असं काहीतरी असेल जे शेजारणीकडे नाही. म्हणजे ती किंमत ठरवू शकेल. आणि तिला किट विकता येणार नाही.

यावर एक आक्षेप मला दरवेळी येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. 'बायका घरात बसून चार पैसे मिळवतायत, तुला हिंजवडीतून पगार येतो म्हणून तू नियम शिकवतेस. नोकरीला जायची ज्यांना परवानगी नाही, त्यांच्यासाठी हे दार उघडलंय, ते बंद करू नकोस.'

दार उघडलंय हे मान्य. पण त्या दाराच्या आत काय आहे ते सांगायला नको? हेच रसायन कारखान्यात हाताळणाऱ्या कामगाराला निदान हातमोजे मागायचा हक्क असतो, हवा खेचणारा पंखा असतो, काही झालं तर कुणाकडे तरी बोट दाखवता येतं. घरी काम करणारी बाई स्वतःच मालक, स्वतःच कामगार. तिच्या पापण्या सुजल्या तर तक्रार कुणाकडे? माझ्या बहिणीने तिच्या कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पॅच टेस्टचा फोटो टाकला आणि 'हातमोजे घाला गं सगळ्यांनी' एवढंच लिहिलं. ॲडमिनने तो मेसेज काढला आणि खाली लिहिलं, कृपया निगेटिव्हिटी पसरवू नये. त्या ग्रुपमध्ये दोनशेच्या वर बायका होत्या. धोका सांगितल्याने त्यांचं दार बंद झालं नसतं. एक नायट्राइलच्या हातमोज्यांचा खोका आला असता घरात, इतकंच. माहिती दडवून दिलेल्या संधीला मी संधी म्हणत नाही, आणि ते म्हणण्यासाठी पगार हिंजवडीतून यावा लागत नाही.

त्यामुळे माझी मागणी फार क्रांतिकारक नाही. रेझिन वापरा. पण नायट्राइलचे हातमोजे घाला, डाग पडला की लगेच बदला. खिडकी उघडी आणि पंखा बाहेर हवा फेकणारा. घासताना ओलं करून घासा आणि एन-९५ लावा. तो धुळीसाठी, वाफेसाठी वेगळा कार्ट्रिजवाला मास्क लागतो, कापडी मास्क दोन्हीसाठी निरुपयोगी. स्वयंपाकाचा ओटा, वाट्या, चमचे यांना हे लागू देऊ नका. उरलेलं रेझिन बेसिनमध्ये ओतायचं नाही, ते कपातच घट्ट होऊ द्या आणि मग टाका. काट्यावर मोजा आणि बाटलीवरचं प्रमाण वजनाचं आहे का ते विचारा. जी ट्रेनर पहिला अर्धा तास हे सांगत नसेल तिच्याकडे पैसे परत मागा.

आणि विक्रेत्याकडे सेफ्टी डेटा शीट मागा. सोळा विभागांचा कागद असतो. दुसऱ्या विभागात धोके आणि आठव्यात हातमोजे-मास्कची माहिती, एवढं वाचलं तरी पुष्कळ. मी गेल्या काही महिन्यांत पाच जणांकडे मागितली. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथ्याने विचारलं, "ते काय असतं?" पाचव्याने मात्र दुसऱ्याच दिवशी पीडीएफ पाठवली. हार्डनरच्या दुसऱ्या विभागात गंजवणाऱ्या पदार्थांचं चित्र होतं, हातावर थेंब पडून हात झिजतोय असं, आणि खाली त्वचेची गंभीर जळजळ आणि ॲलर्जी असे दोन्ही इशारे. मी माझ्या कपाटातली त्याच कंपनीची बाटली काढून बघितली. लेबलवर दोन फुलपाखरं होती आणि 'मेड विथ लव्ह'.